लिलावात शेतकरी बोलत नाही

आळेफाट्याच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उतरवून झाल्या की लिलाव सुरू होईपर्यंत तास-दीड तास मोकळा असतो. चहा, तंबाखू आणि चौकशा. तिथे आमच्या नानांना गेली पंचवीस वर्षं एक प्रश्न हमखास विचारला जातो, "थोरला काय करतो?" नाना सांगतात, "पिक्चरात लिव्हतो." पुढचा प्रश्नही ठरलेला, "म्हंजी डायलॉग?" नाना मान हलवतात आणि विषय पावसाकडे वळवतात.

एकदा मी शेजारीच उभा होतो. विचारणारे बाबा ओतूरकडचे होते. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "पर डायलॉग तर हिरो बोलतो. फायटिंग फायटिंगवाला बसवतो. गाणं तिसराच लिव्हतो. मंग तुमी काय लिव्हता?"

तेवढ्यात आडत्याची हाळी आली आणि माणसं गोण्यांकडे वळली. बरंच झालं. बारा वर्षं लिहून पोट भरत होतो, पण दोन वाक्यांत सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आळे आणि आळेफाटा यांत बाहेरची माणसं गल्लत करतात. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो फाटा. रात्री दोन वाजताही जागा. गाव आत आहे, आणि त्याची ओळख एका रेड्याच्या समाधीमुळे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर भावंडांबरोबर चालत आला आणि आमच्या गावात त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. चैत्र वद्य एकादशीला यात्रा भरते. यात्रेला तमाशा आलाच, आणि माझ्या धंद्याचं शिक्षण तिथूनच सुरू झालं.

आमचे चुलते, आप्पा, यात्रा कमिटीत होते. पाडव्याच्या आधीपासून नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी तिथे जाऊन सुपारी देतात. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, आप्पा मला बरोबर घेऊन गेले. राहुटीत सतरंजी, लोड, मागे फडाचा रंगीत फलक आणि पुढ्यात तारखांची वही. मॅनेजर पानाने ओठ लाल केलेला, हातात पेन. आप्पांनी पोरी किती, वाजाप कसं, लायटिंग कसं, सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाले, "वग कोणता देता?"

त्या माणसाने वही मिटून बाजूला ठेवली आणि वग सांगायला घेतला. सगळा नव्हे. राजा शिकारीला गेलाय, सावत्र राणीने तान्हं पोर पेटीत घालून नदीत सोडलंय, पेटी एका कोळ्याच्या जाळ्यात लागलीय. इथवर आला आणि थांबला. शांतपणे तंबाखू मळायला लागला. आप्पांनी थोडा वेळ वाट बघितली. मग राहवेना.

"मंग?"

"मंग काय? यात्रेला बघा की."

सुपारी तिथेच ठरली. पुढे अंधेरीतल्या हॉटेलांच्या गार हवेत बसून निर्मात्यांना गोष्टी ऐकवायची वेळ आली, ज्याला आमच्यात नरेशन म्हणतात, तेव्हा मी शंभरदा तरी त्या मॅनेजरची नक्कल केली आहे. तंबाखू सोडून. गोष्ट कशी सांगायची हे पुस्तकातून शिकता येतं. ती कुठे थांबवायची हे मात्र ज्याची भाकरी त्यावर अवलंबून आहे त्याच्याकडूनच शिकावं.

वगाला बहुधा लिहिलेली संहिता नसे. कथानक ठाऊक, सवाल-जवाब पाठ, बाकी सगळं जागच्या जागी. बतावणीत सोंगाड्या एखादं वाक्य टाकायचा आणि हशा पिकायचा. हशा ओसरायला लागला, पण अजून पुरता ओसरला नाही, अशा बेताला ढोलकीची थाप पडायची. ते अर्धं सेकंद कोणी लिहिलेलं नव्हतं. तरी ते दर यात्रेला तिथेच यायचं. मला वाटतं, पटकथा लिहिणं म्हणजे ते अर्धं सेकंद कागदावर धरायचा प्रयत्न आहे. तो बहुतेक वेळा फसतो.

नारायणगावचं नाव निघालं की तमाशातल्या विठाबाईंचं नाव निघतंच. दिवस भरले असताना फडावर उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्यावर कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर यायला निघाल्या. ही हकिकत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. २००२ साली त्या गेल्या तेव्हा मी मुंबईत होतो, आणि ओळखीच्या दोघा-तिघांनी त्याच आठवड्यात मला सांगितलं, "यावर पिक्चर लिही." सगळ्यांच्या डोळ्यासमोर तो एकच प्रसंग. माझ्या डोक्यात भलतेच प्रश्न. त्या रात्री वग कोणता चालला होता? त्या आत गेल्यावर बाहेर वेळ कोणी मारून नेली, आणि काय बोलून? हशा आला असेल का? प्रसंग सगळ्यांनाच दिसतो. लेखकाला कनातीच्या अलीकडे उभ्या असलेल्या, घाम फुटलेल्या त्या सोंगाड्याची काळजी वाटते. तो होता की नव्हता, मला माहीत नाही. पटकथेत मात्र तो लागतोच.

कॉलेजला पुण्यात गेलो. पुरुषोत्तम करंडकासाठी दोन एकांकिका लिहिल्या, दोन्ही प्राथमिक फेरीत घरी आल्या. त्याच काळात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात 'संत तुकाराम' बघितला. १९३६ चा चित्रपट, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला, हे सगळं फलकावर वाचलं होतं. लेखक शिवराम वाशीकर, हे नाव मात्र तोवर ऐकलं नव्हतं. तुकोबा आणि विठोबा यांच्यामध्ये वाशीकरांनी जिजाई उभी केली आहे. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि नवरा अभंगात. ही बाई चिडून पायताण घेऊन देवळात जाते, थेट विठोबावर. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की या चित्रपटात अभंगांखेरीजही कोणीतरी काहीतरी लिहिलं आहे. संतपटात भक्ती कोणीही घालेल. तिच्यासमोर चूल ठेवायची अक्कल लेखकाची.

२००१ मध्ये माळशेजमार्गे कल्याणला जाणाऱ्या एसटीत बसलो आणि घाटकोपरला मामांच्या चाळीत उतरलो. मराठी वाहिन्या नव्या होत्या, अल्फा मराठीला दोन वर्षं झाली होती, ईटीव्ही मराठीला एक. रोजच्या मालिकांना रोज कागद लागायचा. ओळखीतून ओळख निघाली आणि मी संवादलेखक झालो. एपिसोडला दोन हजार रुपये. नानांना पत्राने कळवलं तेव्हा त्यांनी चाळीतल्या दुकानावर फोन करून एवढंच विचारलं, "रोजचे?"

मालिकेत लेखन तीन हातांनी होतं, हे बाहेर फारसं ठाऊक नसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथाकार महिन्याचा रस्ता ठरवतो. पटकथाकार त्याचे दिवस पाडतो, एका दिवसाचे प्रसंग पाडतो, शेवटच्या प्रसंगाला असा तोडतो की बघणारी बाई उद्या परत यावी. संवादलेखक त्यात बोलणं भरतो. तेव्हा मी हाताने लिहायचो, दादरला एक टायपिस्ट ते श्रीलिपीत टाइप करायचा आणि फॅक्सने सेटवर जायचं. पुढे ईमेल आला, मग व्हॉट्सअॅप. सोय वाढली तसा वेळ कमी झाला. सेटवरून फोन, "सर, सीन येतोय ना? लाइट लागलाय." नट रंगून बसलेले, आणि त्यांनी काय बोलायचं ते माझ्या डोक्यातही आलेलं नाही. आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडांना बँक म्हणतात. चांगल्या मालिकेची बँक पंधरा दिवसांची असावी असं सगळे म्हणायचे. माझ्या वाट्याला आलेल्या मालिकांचं खातं कायम रिकामं.

गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे. आकडा घसरला की शुक्रवारी गोष्ट बदलायची. एका नायिकेने दुसरी मालिका धरली म्हणून तिला आम्ही तीन महिने कोमात ठेवलं, आणि त्या तीन महिन्यांत तिच्या बिछान्याशेजारी बसून घरातली नऊ माणसं तिच्याशी बोलली. बँडेज बांधलेली बाई वेगळीच, बदली. असली कामं सांगायला गमतीची वाटतात. करताना पाठ मोडून येते.

तिथे एका वाहिनीवरच्या बाईंनी मला एक नियम सांगितला, तो मी कधी विसरलो नाही. म्हणाल्या, "सात वाजता आपली प्रेक्षक पोळ्या लाटत असते. तिची पाठ टीव्हीकडे आहे. ती मालिका बघत नाही, ऐकते. तेव्हा जे चाललंय ते कोणीतरी बोलून दाखवलंच पाहिजे." यात काही मूर्खपणा नव्हता. व्यवसायातलं सत्य होतं ते. म्हणून आमच्या मालिकांत माणसं "मला खूप वाईट वाटतंय" असं तोंडाने म्हणतात आणि दाराकडे बघून "अरे, तुम्ही? आत्ता? इथे?" असं विचारतात. त्या पाठमोऱ्या बाईसाठी मी अकरा वर्षं लिहिलं. माझ्या आईसारखीच होती ती, तिच्यावर माझा राग नाही. पण हात बिघडला. कोणी गप्प बसलेलं माझ्या लेखणीला सोसेनासं झालं.

मधे एक चित्रपट हातून गेला, तेही सांगून टाकतो. एका निर्मात्याने माझ्याकडून तीन खर्डे लिहून घेतले, अकरा हजार टोकन दिलं, बाकी "शूटिंग सुरू झालं की". शूटिंग सुरू झाल्याचं मला पेपरातून कळलं. पोस्टरवर दुसऱ्याचं नाव. कागद काहीच केलेला नव्हता, ती चूक माझी. ज्याला गोष्ट लिहून देतो तो माणूस भावासारखा वागेल, असं मी धरून चाललो होतो. आमच्याकडे बैल विकतानासुद्धा पावती फाडतात. लेखकाचं नाव फार पूर्वीपासून असंच लोंबकळत आलं आहे. १९७३ मध्ये 'जंजीर'च्या पोस्टरांवर नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी माणूस धाडून मुंबईभर आपली नावं रंगवून घेतली, ही गोष्ट धंद्यात रामायणासारखी सांगितली जाते. २०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा सुधारला. चित्रपटगृहाबाहेर कलाकृती वापरली जाते तेव्हाची रॉयल्टी लेखकाने लिहून द्यायची म्हटलं तरी निर्मात्याला देता येत नाही, असं त्यात आलं. कागदावर तरी आलं.

आता कांद्याकडे येतो.

२०१३ साली एका दिग्दर्शकासाठी मी पूर्ण लांबीची पटकथा लिहीत होतो. म्हातारा शेतकरी, शिकायला बाहेर गेलेला मुलगा, पडलेला भाव. विषय आमच्या घरातलाच, त्यामुळे मला वाटलं हातखंडा आहे. बाजाराचा प्रसंग मी एका रात्रीत लिहिला. अडीच पानं. भाव पुकारला जातो, म्हातारा उसळून उभा राहतो, घामाचं मोल, रासायनिक खताचे भाव, पोराची फी, सगळं बोलतो. आडत्या मान खाली घालतो. मला लिहिताना स्वतःलाच गहिवरून आलं होतं. धोक्याची पहिली खूण तीच, पण तेव्हा कळायचं नाही.

सुट्टीला घरी आलो होतो. नाना बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, निवडत बसले होते, गोळा एकीकडे, गोल्टी एकीकडे, बदला एकीकडे. मी शेजारी बसून त्यांना प्रसंग वाचून दाखवला. चेहऱ्यावरचे भाव काही हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "ह्यो कवाचा लिलाव?"

"म्हणजे?"

"लिलावात शेतकरी बोलत नाय."

एवढंच. पुढे निवडायला लागले. मी वाद घातला. सिनेमा आहे, लोकांना भावना कळायला पाहिजेत, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंगळवारी चल."

मंगळवारी गेलो. या बाजारात मी लहानपणापासून आलो होतो, पण गोण्या मोजायला. बघायला आलो नव्हतो. आमच्याकडे भाव दहा किलोवर पुकारतात. गोणी फोडून कांदा जमिनीवर ओततात, व्यापारी घोळक्याने पुढे सरकत जातात, वाकून हात घालतात, एखादा कांदा दाबून बघतात, चोळून साल बघतात. आकडे फटाफट चढतात आणि एका जागी थांबतात. एका वक्कलाचा निकाल लागायला मिनिटसुद्धा लागत नाही. चार महिने रान, दोन-तीन महिने बराखी, आणि मिनिटभर लिलाव. त्या मिनिटात ज्याचा माल तो माणूस सगळ्यांच्या मागे उभा असतो. हात मागे बांधलेले नाहीतर टोपी नीट करत. नजर कांद्यावर, व्यापाऱ्याकडे नाही. खरंच कोणी बोलत नव्हतं. बोलणार कोणाला? भाव आवडला नाही तर माल परत न्यायचा, आणि परतीचं टेम्पोभाडं कोणी द्यायचं?

आमची गोणी फोडली. ओतलेल्या ढिगात वरच एक सडका कांदा आला. घोळका अजून तीन गोण्या पलीकडे होता. नाना सावकाश पुढे झाले, जणू पायाखाली काही आलंय अशा बेताने वाकले, तो कांदा उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मग मागे जाऊन पुन्हा उभे राहिले. खिशाला ओल आली होती. लिलाव झाला, हमाली-तोलाईचा हिशेब झाला, पट्टी हातात आली, चहा झाला. गावाकडे येताना पुलाजवळ त्यांनी तो कांदा काढून ओढ्यात फेकला. माझ्याशी त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही नाही.

रात्री अडीच पानं फाडली आणि लिहिलं :

"सीन ३४. बाह्य. दिवस. बाजार समितीचं आवार. गोणी फोडून कांदा ओतलेला. व्यापारी अजून लांब आहेत. म्हातारा ढिगातला सडका कांदा उचलून खिशात टाकतो. मागे जाऊन उभा राहतो. भाव पुकारला जातो."

संवाद एकही नाही. पुढच्या प्रसंगात घरी त्याची बायको सदरा धुवायला घेते आणि खिशाचा वास घेते, तीही काही बोलत नाही. लेखक म्हणून माझ्या वाट्याला आलेलं हे सगळ्यात चांगलं पान, आणि त्यात माझं स्वतःचं म्हणावं असं फक्त ती बायको.

शूटिंगला नटाने हरकत घेतली. मोठा माणूस, चांगला नट. म्हणाला, "मला इथे एक तरी वाक्य दे. मी नुसता उभा राहून काय करू?" दिग्दर्शक खंबीर निघाला, नाहीतर मी तिथल्या तिथे दोन वाक्यं लिहून दिली असती, सवय होती. चित्रपट एक आठवडा चालला. पुण्याच्या मल्टिप्लेक्सात मी मागे बसून बघितला. तो प्रसंग आला आणि गेला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. शेजारचा मुलगा मोबाइल बघत होता. तीन दिवसांनी आमच्या भागातल्या थिएटरात गेलो. जेमतेम चाळीस माणसं. म्हाताऱ्याने कांदा खिशात टाकला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "सडका व्हता!" मग सगळे हसले, आणि भाव पुकारला तेव्हा एकदम गप्प झाले. ते अर्धं सेकंद त्या दिवशी मला मिळालं. त्यानंतर फारसं मिळालेलं नाही.

त्याच सुमारास नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आला. डुक्कर धरायला घरदार लागलंय, शाळेतली पोरं टिंगल करतायत, आणि एकाएकी शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. शाळकरी जब्या थांबतो, त्याचा बाप थांबतो, डुक्कर समोर असून सगळे ताठ उभे. कोणी एक अक्षर बोलत नाही. एका प्रसंगात शाळा, देश, जात आणि लाज, चारही गोष्टी आल्या आहेत. त्या ओतूरच्या बाबांना माझं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते हेच होतं. कोण कुठे उभं आहे, कोणी कशाकडे बघायचं, काय आधी कळायचं आणि काय नंतर, आणि कोण कुठे गप्प राहणार, हे आधी कोणीतरी लिहितं. बोलणं सगळ्यात शेवटी येतं, आणि कित्येकदा येतच नाही.

आता आमच्या रेड्याची गोष्ट. प्रभातने १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' काढला, दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, लेखन पुन्हा वाशीकरांचं. रेड्याच्या मुखातून वेद येतात तो प्रसंग त्यात आहे, आणि चमत्कारांच्या दृश्यांसाठी तो चित्रपट तेव्हा गाजला. कुठल्याही लेखकाने तोच प्रसंग निवडला असता, मीही. पण मी आळ्याचा. आमच्या गावात रेडा बोलला नाही. आमच्या गावात तो आला तेव्हा त्याचं बोलून झालं होतं. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर एकदा वेद म्हटल्यावर पुन्हा त्याच्याकडून कोणी काही वदवलं नाही. पैठणहून नेवासं, तिथे ज्ञानेश्वरी झाली, तिथून पुढे आळे. ही सगळी वाट तो मुक्याने चालला. लहानपणी समाधीसमोर बसून मी आजीला विचारायचो, "मग नंतर तो बोलला का नाही?" आजी म्हणायची, "त्याला काय बोलायचं होतं? ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी ऐकलं."

त्या वाटेवर मी एक पटकथा लिहिली आहे. चार भावंडं आणि एक रेडा, आणि रेडा चालतो एवढंच. एका निर्मात्याला ऐकवली. त्याला आवडली. म्हणाला, रेड्याला बॅकस्टोरी हवी, आणि शेवटी तो एकदा तरी बोलायला हवा, आता ग्राफिक्समध्ये सगळं होतं. मी वही मिटून तंबाखू मळल्यासारखं केलं आणि चहा पिऊन निघालो. खर्डा लेखकांच्या संघटनेत रीतसर नोंदवून कपाटात ठेवला आहे. माझ्या एकूण अकरा पटकथांपैकी तीनचे चित्रपट झाले, आठ कपाटात. या धंद्यात हे प्रमाण वाईट समजत नाहीत.

२०२० च्या मार्चमध्ये शूटिंगं बंद पडली तेव्हा मी आठ दिवसांचे कपडे घेऊन गावी आलो, तो इथेच राहिलो. दुसऱ्या लाटेत मराठी मालिकांची युनिटं गोव्याला आणि आणखी कुठे कुठे गेली. मी वरच्या खोलीत बसून गर्दी नसलेली लग्नं लिहून पाठवत होतो. खाली नाना कांदा निवडत. आता महिन्यातून दोनदा मुंबईला जातो, बाकी बैठका व्हिडिओ कॉलवर. बैठक चालू असताना मागून ट्रॅक्टर गेला की मुंबईची माणसं खूश होतात. रात्री मात्र उसाच्या कडेने फेरी मारत विचार करायची सोय नाही, आमचा तालुका बिबट्याचा.

नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत, अजून बाजाराला येतात. त्यांना कोणी विचारलं तर अजूनही सांगतात, "डायलॉग लिव्हतो." तो चित्रपट त्यांनी बघितला आहे. खिशाचा प्रसंग आला तेव्हा हसले नाहीत. बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, "आमचा सदरा दुसऱ्या रंगाचा व्हता."

अलीकडे जुन्नर-आंबेगावातली पोरंपोरी मला पटकथा पाठवतात. बहुतेकांच्या पहिल्या पानावर पहाट आणि अलार्म असतो, आणि दुसऱ्या पानावर कोणीतरी आपलं सगळं दुःख बोलून टाकतं. मी वाचतो, सगळ्या वाचतो. एवढीच विनंती आहे, व्हॉट्सअॅपवर कोणाच्याही हातात गोष्ट देऊ नका. आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये ऑनलाइन नोंदवा, कागद केल्याशिवाय दुसरा खर्डा लिहू नका, माझ्यासाठीसुद्धा नाही. मग छापील प्रत घेऊन या. फाट्यावर उतरून आळ्याला या आणि समाधीपाशी कोणालाही विचारा, घर दाखवतील. फक्त लिलावाच्या दिवशी येऊ नका. त्या दिवशी मी नानांबरोबर बाजारात असतो.